दंडावरचा आकडा

अण्णांचा आवाज मोठा होता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, त्यांच्या कामाला तो लागायचाच. कोडोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी दूध संस्था होती आणि माझे वडील तिचे सेक्रेटरी होते. सेक्रेटरी म्हटल्यावर खुर्ची वगैरे डोळ्यांसमोर येते. तशी खुर्ची होती, पण तिच्यावर रिकामे कॅन ठेवलेले असायचे. सकाळी आणि संध्याकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. अण्णा दूध मापात ओतायचे, थोडं सॅम्पल मशीनला लावायचे, मशीन जरा घुरघुरायचं आणि पडद्यावर फॅटचा आकडा उमटायचा. तो आकडा अण्णा ओरडून सांगायचे. "सहा पाच!" म्हणजे साडेसहा. मग ज्याचं दूध असेल त्यानं "पोचला" म्हणायचं. तो "पोचला" म्हणेपर्यंत अण्णा पुढच्या किटलीला हात लावायचे नाहीत. मशीनमधून छापील पावतीही निघायची, पण अण्णांचं म्हणणं असं, की पावती माणूस घरी जाऊन वाचतो आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. चारचौघांत सांगितलेल्या आणि चारचौघांत कबूल केलेल्या आकड्यावर भांडण होत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाची म्हैस किती पाण्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

बाकीच्या संस्थांमध्ये 'सांभाळून घेणं' नावाचा एक प्रकार चालतो. पाव्हण्यारावळ्याचं दूध आलं आणि आकडा जरा खाली पडला, की सांगणारा तो थोडा वर करून सांगतो. यात चोरी करतोय असं कुणाला वाटत नाही. तो माणुसकीचा भाग समजला जातो. अण्णांना ते जमत नव्हतं. एकदा माझ्या सख्ख्या चुलत्यांच्या, म्हणजे बाळूकाकांच्या दुधाचा आकडा पाच दोन आला. म्हशीचं दूध म्हटल्यावर हा आकडा घराण्याला शोभणारा नव्हता. काका काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, बघ जरा. अण्णांनी बघितलं आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच "पाच दोन!" म्हणून सांगितलं. काका "पोचला" म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दूध गावातल्या दुसऱ्या संस्थेत जायला लागलं आणि पुढं बरीच वर्षं दिवाळीचा फराळ दोन्ही घरांनी आपापला खाल्ला. आई हा विषय काढायची तेव्हा अण्णा जेवणावरून उठायचे नाहीत, उलट आणखी एक भाकरी मागायचे.

आठवणी म्हातारपणी लिहायच्या असतात, असं आई आत्ताही म्हणते आणि मी लिहायला बसले की मुद्दाम शेजारी येऊन लसूण सोलते. तिचं बरोबर असेल. पण मी वयाच्या तेराव्या वर्षी एका आजाराबरोबर म्हातारी होऊन घेतलेली आहे, तेव्हा तेवढी सूट मला मिळायला हरकत नाही.

त्या उन्हाळ्यात मी पाणी प्यायला लागले. सगळेच पितात, पण मी माठ संपवायला लागले. वजन उतरलं, फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. आजूबाजूच्या बायकांनी दृष्ट काढली, आईनं अंडी सुरू केली, अण्णांनी म्हशीचं दूध सुरू केलं आणि मी शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली बसले ती उठलेच नाही. कोल्हापुरात दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन होतं आणि डॉक्टरीणबाई अण्णांना समजावत होत्या, की हा म्हाताऱ्या माणसांना होतो तसला मधुमेह नाही. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागेल आणि ते कायमचं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की हे मोजायचं कशानं. मोजायचं यंत्र आहे हे कळल्यावर ते बरेच सावरल्यासारखे दिसले. ज्या गोष्टीला यंत्र आहे तिला ते घाबरत नसत. आईला यंत्राचं काही देणंघेणं नव्हतं. ती बाहेरच्या बाकड्यावर बसून रडत होती, आणि मी बरी होते की नाही याच्यासाठी ती जेवढी रडली तेवढीच, कदाचित थोडी जास्त, माझ्या लग्नासाठी रडली.

घरी आल्यावर आईनं दोन गोष्टी केल्या. फ्रिजच्या दारात म्हशीच्या कॅल्शियमच्या बाटल्या असायच्या त्या तिनं खाली काढल्या आणि तिथं माझं इन्सुलिन ठेवून पुढं लिंबाच्या लोणच्याची बरणी लावली, म्हणजे पाणी प्यायला आलेल्या माणसाला दिसू नये. आणि गल्लीत सांगितलं, की पोरीला कावीळ झाली होती. कावीळ हा तिनं विचार करून निवडलेला आजार होता. तो होतो आणि जातो. जेवणाचं पथ्यही कावीळवाल्याचं म्हणून चार महिने चालून गेलं. पुढं लोक विचारायला लागले, की या पोरीची कावीळ जाते कधी. मग आईनं पित्त सांगितलं. रविवारी आमच्याकडं तांबडा-पांढरा व्हायचा. पांढऱ्या रश्श्याची वाटी माझ्यासमोर यायची आणि तिच्या आधी बोटाला सुई टोचायला मी आतल्या खोलीत जायचे, तेव्हा बाहेर भांड्यांचा आवाज मुद्दाम जोरात व्हायचा. माझ्या घरच्यांना मी खूप आवडत होते, याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण मी त्यांची झाकून ठेवायची गोष्ट झाले होते आणि त्याचा मला राग यायचा. कुणाचा राग धरायचा हे मात्र ठरवता यायचं नाही.

दोनेक वर्षांनी सेन्सर आला. रुपयापेक्षा जरा मोठी पांढरी चकती. डॉक्टरीणबाईंनी ती माझ्या डाव्या दंडावर ठेवून दाबली, खटकन आवाज झाला आणि आतली केसासारखी बारीक तार कातडीखाली गेली. दुखलं नाही म्हटलं तरी चालेल. पंधरवडाभर ती तिथंच राहायची, मग काढून नवी लावायची. ती दर थोड्या वेळानं साखर मोजायची आणि आकडा माझ्या फोनवर पाठवायची. साखर फार खाली गेली किंवा फार वर गेली, की फोन कोकलायचा. आणि रेंज असेल तर तोच आकडा अण्णांच्या फोनवरही दिसायचा. हे कळलं तेव्हा अण्णा हसले. आजार झाल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. मला बोटं टोचायची नव्हती म्हणून मी खूश होते, अण्णांना त्यांच्या ओळखीचं काहीतरी एकदाचं मिळालं म्हणून ते खूश होते आणि आई त्याच दिवशी संध्याकाळी माझे सगळे ड्रेस घेऊन शिलाई मशीनवर बसली. तिनं प्रत्येक बाहीला कोपरापर्यंत जोड दिला. रंग जुळला तिथं जुळला, नाही तिथं लेस लावली. लेस लावलेली कोपरापर्यंतची बाही कोडोलीत माझ्यामुळं फॅशन म्हणून आली आणि दोन वर्षं टिकली, हे फार थोड्यांना माहीत आहे.

अण्णांनी काउंटरवर दूध तपासायच्या मशीनच्या शेजारी फोन उभा करून ठेवायला सुरुवात केली. एकीकडं फॅट, एकीकडं मी. सुरुवातीला त्यांची जरा गल्लत व्हायची. आयुष्यभर आकडा वर गेला की बरं, अशा धंद्यात असलेल्या माणसाला वर गेलेल्या आकड्याला वाईट म्हणायला वेळ लागतो. दोनशे दिसलं, की त्यांचा चेहरा आधी उजळायचा आणि मग त्यांना आठवायचं. पण शिकले. कुठल्या भाजीनं किती चढतं, भाताआधी भाकरी खाल्ली तर काय होतं, म्हशी धुवायला मी ओढ्याला गेले तर किती उतरतं, सगळं त्यांना तोंडपाठ झालं. गडबड एकच होती. आकडा दिसल्यावर तो मनातल्या मनात ठेवायची सवय त्यांच्या गळ्याला नव्हती.

एका संध्याकाळी रांग भरलेली असताना त्यांनी एका बाईचं दूध मापलं, "सात एक!" म्हणून सांगितलं, ती "पोचला" म्हणाली, आणि मग त्यांची नजर शेजारच्या फोनवर गेली आणि त्याच दमात त्यांनी सांगितलं, "दोनशे दहा!" दोनशे दहा फॅटची म्हैस महाराष्ट्रात नाही, हे रांगेतल्या लहान पोरालाही कळत होतं. कुणीतरी विचारलं, कुणाचं हे? आणि अण्णांनी, ज्यांनी सख्ख्या भावाचा आकडा लपवला नव्हता, सांगून टाकलं, की माझ्या पोरीची शुगर आहे. मी मागं कॅन विसळत होते. मला जमीन दुभंगून वगैरे पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण तिथं फरशी होती.

त्या रात्री आई अण्णांना एवढंच म्हणाली, "आता कोण करणार हिला? सांगा की. कोण करणार?" अण्णा म्हणाले, "आकडा हाय, चोरी न्हाय." यानंतर दोघं बरेच दिवस माझ्यामार्फत बोलले. गावानं मात्र ती गोष्ट वेगळ्याच पद्धतीनं घेतली. रोज संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसं आपल्या फॅटबरोबर माझीही चौकशी करायला लागली. आज पोरीचं किती? आणि अण्णांनी एकशे दहा सांगितलं की लोक चुकचुकायचे, अडीचशे सांगितलं की म्हणायचे, वा, सुधारली. अण्णा प्रत्येकाला समजावून सांगायचे, की इथं कमी बरं, पण फार कमी वाईट. हे कुणाच्याच डोक्यात शिरायचं नाही. एका म्हाताऱ्या मामांनी मला रस्त्यात थांबवून, फॅट वाढायला म्हशीला घालतात ती सरकी पेंड सुचवली होती.

बारावीचा निकाल लागला आणि मला गुरांच्या डॉक्टरकीला जायचं होतं. मार्क पुरेसे होते. कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात होतं, म्हणजे हॉस्टेल आलं. आईनं 'नाही' हा शब्द न वापरता ते सांगितलं; ती म्हणाली, शेजारच्या गावात डी.एड. आहे. अण्णांचा अडथळा रात्रीचा होता. एकदा रात्री झोपेत माझी साखर उतरली होती आणि अण्णांनी फोनचा कोकलता आवाज ऐकून मला उठवून तोंडात गूळ घातला होता. हॉस्टेलमध्ये तो आवाज कोण ऐकणार, हा त्यांचा प्रश्न होता. मला फक्त जायचं होतं.

त्याच सुमाराला आमच्या कॉलेजातली मुलं पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणार होती. आमच्या भागात हे दरवर्षी असतं. महाराज ज्या वाटेनं निसटले ती वाट पावसाळ्यात चिखल तुडवत चालायची आणि मध्ये एका वाडीत मुक्काम करायचा. माझी मैत्रीण माधुरी नाव घालून आली होती आणि तिनं माझंही घातलं होतं. मी अण्णांना विचारलं. ते बराच वेळ मशीन पुसत राहिले आणि मग त्यांनी अट सांगितली. वाटेत दिवसभर मी एकटीनं सांभाळायचं. नीट पार पडलं तर हॉस्टेलचं ते बघतील. पण आकडा सत्तरच्या खाली गेला, की जिथं असेन तिथून दुधाच्या टेम्पोत बसून घरी, आणि पुन्हा हॉस्टेलचं नाव काढायचं नाही. "कबूल?" त्यांनी विचारलं. मी "पोचला" म्हटलं. आईची हरकत अगदी वेगळी होती. पावसात बाही दंडाला चिकटते आणि आतली चकती उठून दिसते.

पन्हाळ्यावरून उतरून मसाईचं पठार ओलांडेपर्यंत सगळं उत्तम चाललं. धुकं होतं, मुलं घोषणा देत होती, माझ्या सॅकमध्ये इन्सुलिन, गुळाचे खडे आणि आईनं दिलेल्या खर्डा-भाकरीच्या चार घड्या होत्या. पठार संपता संपता माझ्या फोनची रेंज गेली. हे होणार हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझा आकडा फक्त माझा होता. तो आनंद पहिल्या वाडीपर्यंत टिकला. वाटेच्या कडेला इरलं पांघरलेला एक माणूस हातात दुधाची किटली घेऊन उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येक घोळक्याला विचारत होता, "कोडोलीच्या सेक्रेटरींची पोरगी कोण?"

अण्णांनी रेंजचा विचार करून ठेवला होता. त्या वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक वाडीतलं दूध कुठल्या ना कुठल्या संस्थेला जातं, आणि संस्थेचा सेक्रेटरी दुसऱ्या सेक्रेटरीला नाही म्हणत नाही. त्यांनी वाटेतल्या सगळ्यांना फोन करून माणसं उभी केली होती. मी हात वर केला. इरलेवाला म्हणाला, "आकडा?" मी हळूच सांगितलं, एकशे सदतीस. तो बांधावर चढला, तिथं त्याच्या फोनला रेंज होती, आणि खोऱ्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं तो अण्णांना कळवला. चाळीसेक पोरं-पोरी थांबून बघत होती. माधुरीनं विचारलं, कसला गं आकडा? तीन वर्षं माझ्या शेजारी बसणाऱ्या माधुरीला मी पित्त सांगितलेलं होतं. मी बाही वर करून तिला चकती दाखवली. तिनं ती बघितली, बोट लावू का म्हणून विचारलं, लावलं, आणि म्हणाली की मला वाटलं होतं तुझा हात भाजलेला असणार. नंतर आम्ही चालायला लागलो. दुसऱ्या वाडीत दुसरा माणूस उभा होता. तिसऱ्या वाडीपर्यंत पोरं माझ्या आधीच अंदाज सांगायला लागली होती आणि ज्याचा जवळपास यायचा तो उड्या मारायचा. मी अण्णांवर इतकी चिडले होते, की त्या रागातच शेवटचा चढ फार वेगात चढले.

मुक्कामाच्या वाडीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण सांगते ते तिथल्या माणसाला आवडणार नाही आणि तो भला माणूस होता. आम्ही पोचलो तेव्हा तिथल्या संस्थेत संध्याकाळचं दूध चाललं होतं. पत्र्याची शेड, पिवळा दिवा, किटल्या घेतलेल्या बायका, ओळखीचा ताजा आंबूस वास. माझे हात थरथरत होते, कपाळाला घाम होता आणि फोन सॅकमध्ये कोकलत होता. शामराव नावाचे तिथले सेक्रेटरी काउंटर सोडून धावत आले, मला आत नेऊन उलट्या कॅनवर बसवलं. मी फोन काढला. बासष्ट. मी गुळाचे खडे तोंडात टाकले आणि चावायला लागले. शामरावांनी फोनवर वाकून आकडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. अट त्यांनाही सांगितलेली होती. टेम्पोत बसवायचं काम त्यांच्याकडंच होतं. मी गूळ चावत राहिले. पण माझ्या चेहऱ्यावर सगळं असणार, कारण त्यांनी अण्णांना फोन लावला आणि जरा घाईघाईनं सांगितलं, "एकशे बासष्ट."

फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, "घाबरू नकोस. सांभाळून घेतलंय."

काय झालं ते कळायला मला एक क्षण लागला, आणि त्या क्षणात मी हॉस्टेलच्या खोलीत खाट लावूनसुद्धा घेतली. एवढं सोपं होतं. तेवढ्यात पलीकडून अण्णा काहीतरी बोलले आणि शामरावांनी ते तसंच माझ्यापर्यंत पोचवलं. "जेवायच्या आधी एकशे बासष्ट जास्त हाय. दोन युनिट घ्या म्हणायलेत."

बासष्ट साखरेवर दोन युनिट इन्सुलिन घेतलं असतं, तर मी त्या वाडीतून उठले नसते. मी घेणार नव्हते, मला कळत होतं. पण मी झोपेत असते, बेशुद्ध असते, सुई दुसऱ्या कुणाच्या हातात असती, तर? अण्णांना काय वाटतं, ते भावापासून का तुटले, चारचौघांत का ओरडतात, हे सगळं मला त्या कॅनवर बसून, तोंडात गूळ असताना, एकदम समजलं. मी शामरावांच्या हातातून फोन घेतला.

"अण्णा, एकशे बासष्ट न्हाय," मी म्हटलं. "बासष्ट हाय."

पलीकडं गाडीचा आवाज येत होता.

"गूळ खाल्लास?"

"खाल्ला."

"बस तिथंच. टेम्पो यायलाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रडले. लपवण्यात अर्थ नव्हता, रांगेतल्या बायकांनी बघितलंच होतं. शामराव माझ्यासमोर उकिडवे बसून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी घेतलंतं की सांभाळून. तू कशाला बोललीस?" त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. एका बाईनं मला धारेचं दूध दिलं आणि माधुरीनं, जिला वाटेत मी अट सांगितली होती, माझी सॅक नेऊन शेडच्या बाहेर टेम्पोच्या जागेवर ठेवली. वाडीत आलेल्या पोरांना बातमी लागली होती. ती शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आता कुणी अंदाज सांगत नव्हतं.

टेम्पो आला. ड्रायव्हरनं माझी सॅक उचलून आत टाकली, आणि दुसऱ्या बाजूनं अण्णा उतरले. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, अंगात काउंटरवरचाच दुधाचे डाग पडलेला शर्ट. ते दुपारपासूनच त्या टेम्पोत बसून वाडी-वाडी मागं येत होते, हे मला त्यानंतर आईकडून कळलं. त्यांनी स्वतः ते आजपर्यंत कबूल केलेलं नाही. ते शेडमध्ये आले आणि काउंटरच्या बाहेरच, किटल्यांच्या रांगेजवळ उभे राहिले. अण्णांना काउंटरच्या त्या बाजूला मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. शामराव काहीतरी सांगायला पुढं झाले. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांचा फोन खिशात होता, तो त्यांनी काढला नाही.

"किती?" त्यांनी मला विचारलं.

मी उभी राहिले. बाही ओली होऊन दंडाला चिकटली होती, ती मी खांद्यापर्यंत वर सारली. तशी गरज नव्हती, आकडा फोनवर दिसतो. मग फोन बघितला. पुढं रांग होती, रांगेमागं चाळीस पोरं होती, आणि मी काउंटरच्या आत होते. आमच्या घरातला आवाज माझ्यातही आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"एकशे चार!" मी ओरडले.

अण्णांनी मान हलवली आणि ते म्हणाले, "पोचला."

ते वळून टेम्पोकडं गेले. मागचं फळकूट खाली करून त्यांनी माझी सॅक बाहेर काढली, पावसात भिजू नये म्हणून शेडच्या पत्र्याखाली आणून ठेवली, तिच्यावर स्वतःच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि जाऊन ड्रायव्हरशेजारी बसले. ड्रायव्हरनं विचारलेलं मला ऐकू आलं, की पोरीला न्यायचं नाही का. अण्णांनी त्याला कॅन मोजून घ्यायला सांगितलं.